छत्तीस डिग्रीत कोणी मरत नाही

पांढुर्ण्याच्या माणसाला आपल्या उन्हाचा थोडा अभिमान असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की टपरीवर लोक तो आकडा असा मोठ्यानं वाचतात, जणू घरातलं पोरगं पहिल्या नंबरानं पास झालं. बाहेरून आलेला पाहुणा अडतीसलाच हाशहुश करायला लागला तर त्याची टर उडवतात. शकुंतलाही याच हवेत वाढली. माहेर तिगावचं, आईबाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारे. डोक्याला ओलं फडकं, पोटात कांदा-भाकर आणि भरपूर पाणी, एवढं असलं की ऊन माणसाला काही करत नाही हे तिनं लहानपणीच शिकून घेतलं होतं. ते तिच्या गावापुरतं खरंही होतं.

लग्न होऊन ती पांढुर्ण्याला आली ती वामनच्या घरी. वामन सेंट्रिंगचं काम करायचा. स्लॅब टाकायच्या आधी खाली पाट्या आणि बल्ल्या लावून साचा उभा करतात, ते काम. हात चांगला होता, पण गावात वर्षभर पुरेल एवढं काम नव्हतं. त्यांच्याच वस्तीतला, दोन घरं सोडून राहणारा मोतीराम तेव्हा नुकताच मुकादम झाला होता. तो दरवर्षी माणसांची टोळी बांधून मद्रासला न्यायचा. शहराचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण वस्तीत आजही मद्रासच म्हणतात. गाडी पांढुर्ण्याहून थेट होती. लग्नानंतर दोन वर्षांनी, दोन हजार पाच साली, वामन त्या टोळीत गेला आणि सोबत शकुंतलाही गेली, रेती-गिट्टी उचलायला.

पहिली साइट समुद्राच्या अगदी जवळ होती. शकुंतलानं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिला तो फारसा आवडलाही नाही, नुसतं पाणी आणि ते प्यायचंही नाही. पण त्याचा वारा तिला आवडला. सकाळी अंग चिकचिक व्हायचं, ब्लाउज पाठीला चिकटून बसायचा, जीव घाबराघुबरा व्हायचा. मग दुपारचं जेवण व्हायच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटायचा. तिकडच्या बाया हातातली घमेली खाली ठेवून पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, ‘काट्रू’ आला. काट्रू म्हणजे वारा, हा तिनं शिकलेला पहिला तमिळ शब्द. रात्री सगळी टोळी अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर झोपायची. पहाटे तिला पदर अंगावर ओढून घ्यावा लागायचा. वामन म्हणायचा, आपल्याकडच्या उन्हाळ्यापेक्षा हे बरं.

प्रणालीचा जन्म तिकडचाच. ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा शकुंतला तिला घेऊन पांढुर्ण्याला परत आली. पोरीनं एका जागी शिकावं ही तिचीच जिद्द होती. ती संत्र्याच्या मंडीत छाटणीला जाऊ लागली. लहान-मोठी फळं वेगळी करायची, डागी बाजूला काढायची. वामन मात्र जात राहिला. दिवाळीला यायचा, पुन्हा पावसाच्या सुरुवातीला यायचा.

पुढच्या वर्षांत मद्रासचं काय होत गेलं ते शकुंतलाला फोनवर कळायचं, आणि तिनं त्याकडे फार लक्ष दिलं नाही. साइट समुद्रापासून आत आत सरकत गेल्या. मधे उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यातल्या काही वामननंच उभ्या केलेल्या. वारा आता उशिरा यायचा, संध्याकाळ होत आली की. कधी यायचाच नाही. राहायला पत्र्याच्या खोल्या आल्या. गच्चीवर झोपायची सोय संपली, आणि नवीन बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊ देईल असा चौकीदारही नव्हता. दिवसाचं ऊन फार वाढलं असं वामन कधी म्हणाला नाही. तो रात्रीचं सांगायचा. म्हणायचा, इथं अंधार पडते पण रात्र होत नाही. भिंतीला हात लावला तर पहाटेही कोमट लागते. उठलो की काल जेवढा थकलो होतो तेवढाच थकलेला असतो.

एका वर्षी तो नागपूरहून वाळ्याच्या जाळीचा कूलर घेऊन गाडीत चढला. टोळीतल्यांनी कौतुकानं त्याला हात लावला. आपल्याकडे कूलर लावला की खोलीत हिवाळा येतो. मद्रासच्या पत्र्याच्या खोलीत त्या कूलरनं आधीच ओल्या हवेत आणखी ओल सोडली. भिंतींना पाणी सुटलं, अंथरुणं दमट झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून वामनला शिव्या घातल्या. तो कूलर त्यानं तिकडंच देऊन टाकला. हे तो फोनवर हसत सांगत होता आणि शकुंतलाही हसली. मग म्हणाली, आमच्या इथं आज पंचेचाळीस आहे, तुमच्या इथं किती? तो म्हणाला, छत्तीस. ती म्हणाली, “मग कायचं रडून राहिले?”

पुढं तिला आपलं हे वाक्य अनेकदा आठवलं.

वामन तरुणपणी दारू प्यायचा, हेही सांगायला पाहिजे. टोळीतले बहुतेक पितात. त्यानं प्रणाली आठवीत असताना सोडली. विहारात भंतेजींसमोर पंचशील घेतलं ते पाळलं. पण वस्तीची आठवण मोठी असते. माणसानं दारू सोडल्याचं लोक दोन दिवस बोलतात, प्यायल्याचं जन्मभर.

पांढुर्णा जिल्हा व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. मे संपत आला होता. मोतीरामचा फोन आला तेव्हा शकुंतला मंडीतून येऊन माठातलं पाणी पीत होती. मोतीरामनं आधी तिला खाली बसायला सांगितलं. मग सांगितलं की वामनचं हार्ट बंद पडलं, दुपारी खोलीत झोपला तो उठलाच नाही. ठेकेदारानं गाडी करून दिली. मृतदेह दोन दिवसांनी आला. मोतीराम सोबत होता. त्यानंच सगळी धावपळ केली, खांदा दिला, शकुंतलाच्या आईला धरून बसवलं. शकुंतलानं त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

वस्तीत दुसरी गोष्ट सुरू झाली ती पाचव्या-सहाव्या दिवशी. मद्रासला त्या दिवशी किती होतं, असं कोणीतरी मोबाइलवर पाहिलं. छत्तीस. इथं त्याच दिवशी पंचेचाळीस होतं आणि म्हातारी माणसंही धडधाकट होती. छत्तीस डिग्रीत कोणी मरत नाही. मग टोळीतून हळूच बातमी आली की वामननं पुन्हा सुरू केली होती. त्या दिवशी दुपारी तो पिऊनच होता, तोल जात होता, बरळत होता. शकुंतलासमोर कोणी बोललं नाही. तिला ते विहारात, पाण्याच्या टाकीवर, बायांच्या एकदम थांबलेल्या बोलण्यातून कळलं.

ती घरी आली आणि प्रणालीला म्हणाली की लोक काय बोलतात बघ. प्रणाली तेव्हा सतरा वर्षांची होती, बापाच्या फोटोजवळची मेणबत्ती लावत होती. ती वळली नाही. म्हणाली, “आई, बाबा आधी घेतच होते ना.”

पोरीचा आवाज कडवट नव्हता, नुसता थकलेला होता. शकुंतलाला त्या रात्री पहिल्यांदा स्वतःचाही भरवसा वाटेनासा झाला. वामन तिकडं काय करायचा ते तिनं तरी कुठं पाहिलं होतं? अकरा वर्षं तिनं फक्त त्याचा आवाज ऐकला होता.

पुढचा उन्हाळा आला तसं तिनं मोतीरामला सांगितलं की यंदा टोळीचा स्वयंपाक करायला मी येते. मोतीरामनं आढेवेढे घेतले. तिकडं आता पहिल्यासारखं राहिलं नाही, तुमचं वय झालं, पोरीजवळ कोण राहील. तिनं पोरीला तिगावला भावाकडे ठेवलं आणि गाडीत बसली.

साइट तीच होती, काम लांबलं होतं. खोल्याही त्याच, निळ्या पत्र्याच्या, एका ओळीत दहा. ती बारा वर्षांनी मद्रासच्या मे महिन्यात उतरली होती, आणि पहिल्याच दिवशी तिला वामनचं सगळं बोलणं अंगावर कळलं. तिनं साडी धुऊन वाळत घातली ती दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलीच होती. पांढुर्ण्यात मेच्या दुपारी साडी दोरीवर टाकेपर्यंत एक पदर वाळलेला असतो. तसाच तिथं घामही वाळतो आणि वाळता वाळता अंग थंड करून जातो. इथं घाम नुसता वाहत होता. ऊन डोळ्यांना कडक दिसतही नव्हतं, आभाळ पांढुरकं होतं. कोणी म्हटलं नसतं की हे मारणारं ऊन आहे. ती पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. समोर तिसाव्या मजल्यापर्यंत भिंत होती. संध्याकाळपर्यंत वारा आला नाही, आणि रात्री पत्र्यानं दिवसभराचं सगळं परत केलं.

गेटाशी सेल्वी नावाच्या बाईची चहाची गाडी होती. शकुंतलाच्याच वयाची. शकुंतलाचं तमिळ बाजारापुरतं होतं आणि तेही गंजलेलं, पण दोघींचं जमलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शकुंतलानं मोबाइलमधला वामनचा फोटो तिला दाखवला आणि स्वतःच्या मोकळ्या गळ्याकडे बोट केलं. सेल्वीनं चहाचं भांडं खाली उतरवून ठेवलं.

तिनं जे सांगितलं ते असं. वामन रोज सकाळी तिच्याकडे चहा घ्यायचा, उधारी ठेवत नसे आणि बोलायचा कमी. त्या दिवशी वर स्लॅब चालू होता. दुपारी दोन माणसांनी त्याला धरून खाली आणलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, पाय पडत नव्हते, तो आपल्या भाषेत मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होता, एकदा त्यानं धरणाऱ्याला ढकललंही. सेल्वी पाणी घेऊन पुढं गेली होती. तर माणसं हसली, अंगठा तोंडाकडे नेऊन त्यांनी खूण केली की हा प्यायला आहे. त्याला पत्र्याच्या खोलीत टाकलं आणि बाहेर येऊन तमाशा करू नये म्हणून कडी लावली. आतून थोडा वेळ आवाज आला. काम संपल्यावर कडी उघडली.

सेल्वीनं शकुंतलाचा हात धरला आणि तिला समजावं म्हणून अगदी सावकाश दोनच शब्द म्हणाली, “कुडी इल्ले.” दारू नाही. तिचा स्वतःचा नवरा पिऊन मेला होता. प्यायलेल्या माणसाचा वास तिला गेटाच्या पलीकडून यायचा. या माणसाच्या तोंडाला चहाशिवाय कशाचा वास तिला कधी आला नाही, आणि त्या दिवशीही आला नाही. हे वेय्यिल होतं, ती म्हणाली. ऊन.

शकुंतलानं विचारलं, कडी कोणी लावली? सेल्वीला नाव माहीत नव्हतं. तिनं हात वर करून उंची दाखवली, मग ओठांवरून बोट फिरवून मिशा दाखवल्या. टोळीत मिशा एकालाच होत्या.

संध्याकाळी माणसं कामावरून आली. मोतीराम नळावर हातपाय धूत होता. बाकीचे खोल्यांकडे गेले तशी शकुंतला त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिनं आरडाओरडा केला नाही. सेल्वीनं सांगितलेलं तिनं जसंच्या तसं त्याला सांगितलं आणि मग विचारलं, “तुमी त्यायच्या तोंडाचा वास घेतला होता काय?”

मोतीरामनं नळाखाली हात पुन्हा चोळले. मग म्हणाला, “वहिनी, तो बरळत होता. पाय लटपटत होते. कोणीबी तेच म्हटलं असतं.”

“वास घेतला होता काय?”

“टाइम कुठं होता? स्लॅब चालू होता वर.” त्यानं नळ बंद केला. “आपला माणूस सेहेचाळीसमधी काम करते वहिनी. तो छत्तीसमधी पडन, हे मनातच नाही आलं. लेकराची आण.”

शकुंतलाला ते खोटं वाटलं नाही. तीच फोनवर काय म्हणाली होती ते तिला माहीत होतं. पण अजून एक प्रश्न उरला होता.

“मंग गावात कायले सांगितलं, पेऊन मेला म्हणून?”

“काय सांगतलं असतं मी?” मोतीराम म्हणाला. आता तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या आवाजात रागही आला होता. “आमी कोंडला म्हणून सांगतो? वीस घरं माह्यावर चालून राहिली.”

एवढं बोलून तो खोलीकडे गेला. त्या दिवशी शकुंतलानं स्वयंपाक केला नाही. टोळीनं बाहेरून पराठे आणून खाल्ले. दुसऱ्या दिवशी तिनं गाडी पकडली.

पांढुर्ण्याला आल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. आधी भावाला, मग शेजारणींना, मग विहारातल्या जुन्या माणसांना. तिला वाटलं होतं वस्ती पेटून उठेल. लोकांनी ऐकून घेतलं. काहींनी हळहळ केली. पण प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी मोतीरामबरोबर जात होतं किंवा जाणार होतं. एक म्हातारी म्हणाली, जो गेला तो गेला, आता उकरून काय निघते. एकानं विचारलं, ती चहावाली मद्रासी बाई, तिची भाषा तुला बरोबर कळली कशावरून? आणि छत्तीसचा आकडा तर सगळ्यांच्या तोंडात होताच. तो इतका सरळ होता. त्यापुढं न वाळणारी साडी, कोमट भिंत, न येणारा वारा या बायकी गोष्टी वाटत होत्या.

प्रणालीनं मात्र ऐकलं. सगळं ऐकून ती उठून मागच्या अंगणात गेली आणि खूप रडली. आत आली तेव्हा तिनं आईला जवळ घेतलं, आणि मग म्हणाली की हे आता पुढं कोणाला सांगू नको. तिच्यासाठी सौसरचं एक स्थळ येऊ घातलं होतं. बाप दारूनं गेला हे त्या लोकांना माहीत होतं आणि त्यांनी ते चालवून घेतलं होतं. कोंडून मेला म्हटलं की पुन्हा चौकशा, पुन्हा चर्चा. शकुंतलानं पोरीकडे पाहिलं. पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती. दारूनं मेलेला बाप लग्नाच्या बाजारात चालत होता. आपल्याच माणसांनी मारलेला चालला नसता.

तिनं वामनबद्दल बोलणं सोडलं. पण मद्रासला निघालेल्यांशी बोलणं सोडलं नाही. टोळी निघायच्या आदल्या दिवशी ती एकेकाच्या दारात जायची आणि तेवढंच सांगायची. कोणी बरळायला लागला, पाय लटपटले, तर दारू पेला म्हणू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला, दवाखान्यात न्या. पाच-दहा जण हो हो म्हणायचे. तरणे पोट्टे गालात हसायचे.

गेल्या मे महिन्यात हेमराज पडला. सौसरकडचा तिशीतला गडी, टोळीत नवा होता. दुपारी सिमेंटचा मसाला उचलता उचलता तो असंबद्ध बोलायला लागला आणि खाली बसला. कोणीतरी हसला. मोतीराम वरून ओरडत खाली आला, त्यानं स्वतः हेमराजच्या अंगावर ड्रममधलं पाणी ओतलं, ओल्या पोत्यात गुंडाळून त्याला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. हेमराज वाचला. चार दिवसांनी फोनवर स्वतःच्या बायकोशी बोलला.

टोळी परत आली तेव्हा विहारासमोर मोतीरामचा सत्कार झाला. शाल दिली, फोटो काढले. हेमराजची बायको त्याच्या पाया पडली. माइकवर एकजण म्हणाला, अनुभवी माणूस सोबत असला की असं होते. शकुंतला मागच्या रांगेत बसली होती. मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं नाही. बोलायला उभं केलं तेव्हा त्यानं हात जोडले आणि दोनच वाक्यं बोलून खाली बसला. तो हे कुठून शिकला, कोणावर शिकला, ते त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. हेमराज वाचला याचं शकुंतलाला बरं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण घरी येताना वाटेत एका ओट्यावर ती बराच वेळ बसून राहिली.

सौसरचं स्थळ पक्कं झालं. यंदा जानेवारीत प्रणालीचं लग्न लागलं, विहारातच. मुलीकडून वडीलधारं कोणीतरी पाहिजे होतं. शकुंतलाचा भाऊ तापानं पडला होता. वस्तीतल्या माणसांनी आपसांत ठरवलं आणि मोतीरामला पुढं केलं. व्याह्यांशी त्याची ओळख होती, शब्दाला वजन होतं. वामनच्या जागी उभं राहून त्यानं व्याह्याला हार घातला, गळाभेट घेतली आणि पोरीच्या पाठवणीचं चार माणसांसारखं बोलला. शकुंतलाला आधी विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

पंगत बसली तेव्हा ती वाढायला निघाली. मुलीच्या आईनं वाढू नये, बसावं, असं बाया म्हणत होत्या. तिनं ऐकलं नाही. रांगेत मोतीरामचं पान आलं. तिनं त्याला वरण वाढलं, भात वाढला, बुंदी वाढली. त्यानं पानावर हात आडवा धरला, पुरे म्हणून. तिनं तरी बुंदीचा आणखी एक डाव वाढला आणि पुढच्या पानाकडे गेली. त्याला न वाढता ती पुढं गेली असती तर कोणीतरी कारण विचारलं असतं, आणि सांगण्यासारखं जे होतं ते ती सगळं सांगून मोकळी झाली होती.